बिनतारी जोडणी का तुटते?

'बिनतारी' हा शब्द मराठी घरांत रुळला तो रेडिओच्या बरोबर. त्या जुन्या बिनतारीचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यात एकाने बोलावयाचे आणि बाकीच्या सर्वांनी ऐकावयाचे. आपले भाषण कोठे कोण ऐकतो आहे, किंवा कोणी ऐकतो आहे की नाही, याची प्रक्षेपण-केंद्राला गंधवार्ता नसे. हवेत गडबड झाली म्हणजे खरखर वाढे. परंतु बातम्या अगदीच बंद पडत नसत. कान देऊन ऐकणाऱ्याला अर्थ लागत असे.

आज घरोघर जी बिनतारी नांदते, ती निराळ्या स्वभावाची आहे. लॅपटॉप आणि भिंतीवरचा राउटर यांच्यामध्ये चालते ते भाषण नव्हे, संभाषण होय. लॅपटॉपच्या पोटातील ॲडॅप्टर म्हणजे एकाच चकतीवर बसविलेला लहानसा प्रक्षेपक आणि ग्राहक. त्याने काही मजकूर पाठविला की राउटरकडून त्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर तोच मजकूर पुन्हा पाठवावयाचा; तरीही आली नाही तर गती कमी करून, जणू शब्द सुटे सुटे उच्चारून, पाठवावयाचा. इकडे राउटरही सेकंदाला सुमारे दहा वेळा आपण हजर असल्याची हाक देत असतो. ही हाक बराच वेळ कानी पडली नाही, किंवा पोचा येईनाशा झाल्या, म्हणजे लॅपटॉप संबंध तुटल्याचे गृहीत धरतो व नव्याने ओळख पटविण्याच्या खटपटीस लागतो. येथे खरखर ऐकू येत नाही ती यामुळेच. गती हळूहळू उतरत असते तोवर वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. आणि मग एका क्षणी सारेच थांबते. रोग जुना असतो, लक्षण मात्र अचानक प्रकट होते.

छत्तीसगडमधील भिलाई हे नगर या विषयाच्या विचाराला मोठे सोयीचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. नागपूरहून येणाऱ्या लोहमार्गावरचेच हे ठिकाण असल्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबेही आली आणि येथलीच झाली. आता त्यांची तिसरी पिढी शिकून पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहूनही दूर असते, आणि मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांचा व नातवंडांचा दुवा म्हणजे हीच हवेतली अदृश्य दोरी. ज्या नगराला पोलादाने जन्म दिला, तेथील घरांत पोलाद असावे यात नवल नाही. कपड्यांचे कपाट पोलादी, खिडकीला लोखंडी जाळी, छतात सळया आणि उन्हाळ्यात खिडकीशी पत्र्याचा कूलर. बिनतारी लहरींचे आणि धातूचे मात्र पहिल्यापासून वाकडे आहे.

अशा घरात ही दोरी वरचेवर तुटू लागली म्हणजे काय होते, ते नीट लक्षात घेतले पाहिजे. निवृत्त कामगाराला निवृत्तिवेतनासाठी दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' या व्यवस्थेमुळे, ठसा घेणारे छोटे यंत्र जोडून तो घरबसल्या देता येऊ लागला. बोट ठेवले जाते, पडद्यावर चाक फिरू लागते आणि मध्येच जोडणी जाते. म्हाताऱ्याला वाटते, आपल्याच बोटांच्या रेषा झिजल्या. भट्टीपाशी उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला ही शंका येणे स्वाभाविक आहे, आणि कधी कधी ती खरीही असते. परंतु दोष वाय-फायचा असताना तो स्वतःच्या हातांना लावून घेणे, हे त्यातले खरे दुःख. त्याच घरातली नात नोकरीच्या मुलाखतीला लॅपटॉपपुढे बसते. प्रश्न येतो, ती उत्तर देऊ लागते, आणि पलीकडच्यांना दिसतो तो एक थिजलेला चेहरा व अर्धे वाक्य. उत्तर सुचले नाही की पोचले नाही, हे त्यांना कळण्यास मार्ग नसतो. असे दोनतीन प्रसंग झाले की घरात ठराव होतो : लॅपटॉप बदला. पुष्कळदा तो निष्कारण बदलला जातो आणि नवा लॅपटॉपही त्याच खोलीत, त्याच वेळी, तसाच तुटतो.

याचे कारण असे की, 'नेट वरचेवर जाते' ही तक्रार विषय न लिहिलेल्या अर्जासारखी आहे. ती कोणत्या खात्याकडे पाठवावी हे तिच्यावरून ठरत नाही. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा मार्ग हवेतला आहे. राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा मार्ग काचेच्या तंतूचा किंवा तारेचा आहे. त्यापलीकडे बाहेरचे अफाट जाळे पसरले आहे. या तीनही ठिकाणचा बिघाड पडद्यावर जवळजवळ सारखाच दिसतो. म्हणून पहिला प्रश्न एकच : तुटले ते नेमके काय?

त्याचे उत्तर मिळविणे कठीण नाही. जोडणी गेल्याचे वाटताच पडद्याच्या कोपऱ्यातील खुणेकडे पाहावे. वाय-फायशी संबंध कायम आहे पण इंटरनेट नाही असे ती खूण सांगत असेल, तर ॲडॅप्टर बहुधा निर्दोष आहे. त्याच क्षणी घरातला एखादा मोबाइल त्याच वाय-फायवर चालतो काय, हेही पाहावे. मोबाइलही अडला असेल तर लॅपटॉपला बोल लावण्यात अर्थ नाही. याहून पक्की परीक्षा म्हणजे 'पिंग'. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून पिंग हा शब्द व त्यापुढे राउटरचा पत्ता लिहावयाचा. हा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा असतो. लॅपटॉप मग राउटरला हाका मारतो आणि प्रत्येक उत्तराला किती सहस्रांश सेकंद लागले ते लिहून दाखवितो. राउटर शेजारच्या खोलीत असेल तर उत्तरे सामान्यतः एकआकडी येतात. बाहेरचे जाळे बंद आणि राउटरची उत्तरे मात्र ठणठणीत, असे दिसले तर दोष हवेत नाही, तंतूत आहे. तेव्हा कंपनीच्या माणसालाच बोलवावे. उलट राउटरचीच उत्तरे शेकड्यांवर चढू लागली किंवा येईनाशी झाली, तर शोध घराच्या चार भिंतींच्या आत घ्यावयाचा आहे. विजेचा दाब क्षणभर पडून राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो आहे काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे. घरातले दिवे लुकलुकले आणि पुढची दोनतीन मिनिटे वाय-फाय नाही, असे होत असेल तर राउटरला एक लहानसा बॅटरीचा आधार दिला की काम भागते; लॅपटॉप उघडण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. कारखान्यात पाळी बदलताना यंत्राची हकीकत नोंदवहीतून पुढच्या माणसाच्या हाती जाते, आणि जुना कामगार त्या वहीवरून यंत्राचा स्वभाव सांगू शकतो. घरच्या वाय-फायला हा मान कोणी देत नाही. वास्तविक चार दिवस एका कागदावर केव्हा तुटले, लॅपटॉप कोठे होता, त्या वेळी घरात काय चालू होते आणि दुसरे काय जोडलेले होते, एवढेच टिपले तरी निम्मे निदान होते. रोज संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यानच तुटत असेल तर तो शेजाऱ्यांच्या राउटरांचा गलबला असण्याचा संभव मोठा. घड्याळ लावल्यासारखे ठरावीक तासांनी तुटत असेल तर राउटरने दिलेल्या पत्त्याची मुदत किंवा गुप्त किल्लीचे नूतनीकरण फसते आहे काय ते पाहावे. लॅपटॉप थोडा वेळ नुसता ठेवून परतल्यावर तुटलेले आढळत असेल तर वीज वाचविण्याची व्यवस्था संशयित. पडदा मागेपुढे करताच तुटत असेल तर संशय बिजागरीवर. विंडोज १० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत तर संगणक स्वतःच असा वृत्तांत ठेवतो; वाय-फायचा अहवाल मागितला तर गेल्या तीन दिवसांत जोडणी केव्हा व कोणत्या कारणाने तुटली, याचे पान तयार होते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

आता हवेकडे वळू. वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीच्या लहरींचा. या पट्ट्याचे कुलशील पाहिले तर थोडी गंमत वाटते. दूरसंदेशासाठी नव्हे, तर उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राष्ट्रांनी तो बाजूला काढून ठेवला होता. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी त्याच पट्ट्यात काम करते. जेथे अशी गोंगाटी यंत्रे चालणारच, तेथे परवान्यावाचून दुसऱ्यांनाही थोडे बोलू द्यावे, असा विचार पुढे आला. अमेरिकेने १९८५ साली तशी मुभा दिली, वाय-फायची पहिली प्रमाणसंहिता १९९७ साली निघाली, आणि भारत सरकारने २००५ साली हा पट्टा परवानामुक्त केला. रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कचेरीतून परवाना काढणाऱ्या देशात घरोघर प्रक्षेपक चालविण्याची ही मोकळीक म्हणजे मोठाच पालट होता. परंतु मोकळीक सर्वांनाच असल्यामुळे गर्दीची तक्रार कोणाकडे करता येत नाही.

गर्दी कशी होते ते पाहा. या पट्ट्यात भारतात तेरा चॅनेले आहेत. पण ती एकमेकांपासून अवघ्या पाच मेगाहर्ट्‌झवर असून प्रत्येक राउटर मात्र निदान वीस मेगाहर्ट्‌झ जागा व्यापतो. म्हणजे तेरा खुर्च्या मांडल्या असल्या तरी ऐसपैस बसणारी माणसे तीनच. आणि म्हणून १, ६ व ११ ही चॅनेले वापरण्याचा प्रघात पडला. दाट वस्तीत दहापंधरा राउटर सहज ऐकू येतात. मोबाइलवरील एखाद्या मोफत साधनाने आजूबाजूची चॅनेले पाहता येतात. त्यांतले कमी गजबजलेले निवडून राउटरला नेमून द्यावे. शक्य असेल तर ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर जावे. तेथे जागा पुष्कळ आहे. मात्र त्या लहरी निम्म्याहून कमी लांबीच्या, आणि भिंत ओलांडण्यात दुबळ्या. शिवाय या पट्ट्यातील काही चॅनेलांवर रडारचा हक्क पहिला असतो. रडारची चाहूल लागताच राउटरला ते चॅनेल दहा सेकंदांच्या आत सोडावे लागते, आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या चॅनेलावर बोलण्यापूर्वी मिनिटभर नुसते ऐकत थांबावे लागते. राउटरचा हा कायदेशीर सभ्यपणा घरच्यांना बिघाड वाटतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत पाऊल चुकण्याचा संभव असतो. नावे वेगळी ठेवावीत, म्हणजे तो कोठे बसला आहे हे तरी कळते.

भिंतींविषयी एक जुनी आठवण येथे सांगण्यासारखी आहे. १८९५ च्या सुमारास आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यात अशाच आखूड विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली होती. विटांच्या भिंतीतून लहरी जातात. थोड्या क्षीण होतात, इतकेच. धातूचा पत्रा मात्र त्यांना आरपार जाऊ देत नाही, आरशाप्रमाणे परतवितो. आणि पाणी त्या शोषून घेते. आता भिलाईतील ते घर पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. राउटर बाहेरच्या खोलीत पोलादी कपाटाच्या मागे, कारण तंतूची तार तेथूनच आत आली. लॅपटॉप आतल्या खोलीत. आणि मध्ये मे महिन्यात ओल्या ताट्यांचा, पाण्याने भरलेला कूलर. हिवाळ्यात बरी चाललेली जोडणी उन्हाळ्यात तुटू लागली तर त्यात गूढ काही नाही. कपाटावर, छताच्या उकाड्यात ठेवलेला राउटर स्वतःही तापून अडखळू लागतो, ही आणखी एक गोष्ट. राउटर दोनतीन हात बाजूला, मोकळ्या जागी व कमरेच्या वर ठेवणे हा उपाय फुकटचा असल्यामुळेच की काय, तो फार उशिरा सुचतो.

कोपऱ्यातील रेघा तर पूर्ण दिसतात, मग जोडणी क्षीण कशी, असा आक्षेप येथे येतो. त्या रेघा राउटरचा आवाज लॅपटॉपला कितपत ऐकू येतो, एवढेच सांगतात. लॅपटॉपचा आवाज राउटरला किती पोचतो हे त्या सांगत नाहीत, आणि लॅपटॉपचा आवाज बहुधा राउटरहून बारीक असतो. त्याचप्रमाणे भोवती गोंगाट किती आहे याचाही त्यांत उल्लेख नसतो. भर बाजारात समोरच्याचे ओरडणे ऐकू यावे आणि आपले पुटपुटणे त्याला ऐकू जाऊ नये, असा हा प्रकार होय.

हवा निर्दोष ठरली आणि मोबाइल त्याच जागी सुरळीत चालतो असे दिसले, तरच लॅपटॉपच्या पोटात शिरावे. तेथे पहिला मान काटकसरीचा. बॅटरी वाचविण्यासाठी संगणक ॲडॅप्टरला मधून मधून झोपवितो, आणि काही ॲडॅप्टर या झोपेतून नीट जागे होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या नावाखाली वाय-फायचे कार्ड शोधून, त्याच्या गुणधर्मांतील वीजव्यवस्थापनाच्या पानावर, वीज वाचविण्यासाठी हे साधन बंद करण्याची संगणकाला जी परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी. काही नव्या लॅपटॉपांत हे पानच दिसत नाही. तेथे विजेच्या योजनेत बिनतारी ॲडॅप्टरसाठी पूर्ण कार्यक्षमता निवडता येते का ते पाहावे. बॅटरी थोडी लवकर उतरेल, एवढाच तोटा.

त्यानंतर ड्रायव्हर. यंत्र आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामधला हा दुभाषा. प्रणालीचे अद्ययावतीकरण झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून जोडणी तुटू लागली, तर नव्या दुभाष्याला रजा देऊन जुन्याला परत बोलवावे; तशी सोय ड्रायव्हरच्या पानावरच असते. अनेक महिने काहीच बदलले नसेल तर उलट करावे, म्हणजे नवा ड्रायव्हर बसवावा. तो लॅपटॉप बनविणाऱ्याच्या किंवा कार्ड बनविणाऱ्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्षणात' अशी जाहिरात करणाऱ्या साधनांच्या नादी लागू नये. आणि एका वेळी एकच बदल करावा. घाबऱ्या मनाने पाच ठिकाणची पाच बटणे फिरविली आणि जोडणी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कळत नाही; बिघडली तर परतीची वाटही सापडत नाही.

ॲडॅप्टर बाहेरून यूएसबीच्या खाचेत लावलेला असेल तर एक विलक्षण शत्रू शेजारीच असतो. यूएसबी ३ च्या जलद तारांमधून जो विद्युत्‌गोंगाट निघतो तो २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातही पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली मोजून दाखविले. हयातीच्या दाखल्याची कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत, ती डिस्क जोडली की वाय-फाय जाते आणि काढली की येते, हा प्रकार भुताटकीचा वाटतो. परंतु दोघांना लॅपटॉपच्या दोन बाजूंना बसविले, किंवा ॲडॅप्टर हातभर लांबीच्या जोडतारेने दूर ठेवला, की भूत उतरते. ब्लूटूथचे हेडफोनही याच पट्ट्यातले.

सर्वांत शेवटी अवयव. बहुतेक लॅपटॉपांत ॲडॅप्टर खाली असतो आणि त्याच्या अँटेना पडद्याच्या कडेने वर बसविलेल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या सुतासारख्या तारा बिजागरीतून जातात. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने तार आतल्या आत दुखावते, किंवा दुरुस्तीच्या वेळी तिची टोपी नीट बसविलेली नसते. पडद्याच्या हालचालीबरोबर संकेत चढत-उतरत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला नेमके हेच सांगावे. अशा वेळी आज्ञावली पुन्हा बसवून देतो म्हणणाऱ्या कारागिराचे म्हणणे मानू नये. कार्डच गेले असेल तर पुष्कळ लॅपटॉपांत तेवढेच बदलता येते, आणि त्याला नव्या लॅपटॉपच्या किमतीचा अल्पसा अंश पुरतो.

लहरी वाढविण्यासाठी मध्ये 'रिपीटर' बसविण्याचा सल्ला दुकानदार हमखास देतो. साधा रिपीटर त्याच चॅनेलावर तोच मजकूर दुसऱ्यांदा बोलतो. म्हणजे अंतर मिटते, पण गर्दी वाढते आणि गती निम्म्यावर येते. तो शेवटी घ्यावा. 'नेटवर्क रीसेट' हे बटणही शेवटी दाबावे. सर्व वाय-फायचे पासवर्ड त्यात पुसले जातात आणि ते घरात कोणाला आठवत नाहीत, असा अनुभव आहे.

राहता राहिला मुलाखतीचा दिवस. कागदावरच्या नोंदी अपुऱ्या आहेत, निदान झालेले नाही, आणि उद्या सकाळी अकरा वाजता नातीला पडद्यापुढे बसावयाचे आहे. अशा वेळी बिनतारीचा हट्ट सोडावा. राउटरच्या पाठीमागे तारेसाठी चौकोनी खाचा असतात. त्यांतील एकीत नेटवर्कची दहा मीटरची तार घालून ती दाराच्या चौकटीखालून आतल्या खोलीत आणावी. पातळ लॅपटॉपांना तशी खाच नसते. त्यांच्यासाठी यूएसबीला लावण्याचा छोटा जोड बाजारात मिळतो. तो आदल्या दिवशीच आणून, आजोबांना पुण्याशी अर्धा तास बोलावयास लावून, तार आणि जोड दोन्ही पारखून घ्यावे.